कळते, वळतेही, पण करता येत नाही : रुग्णसेवेतली नैतिक घुसमट

२०२० च्या साथीनंतर डॉक्टर आणि परिचारिका नोकऱ्या सोडत असल्याच्या बातम्या जगभरातून येऊ लागल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘मॉरल डिस्ट्रेस’, ‘मॉरल इंज्युरी’, ‘रेझिलियन्स’ हे शब्दही वर्तमानपत्रांत उतरले. वाचणाऱ्याचा पहिला समज असा होतो, की कामाच्या ताणालाच कोणीतरी भारदस्त नाव दिले आहे. तो समज चुकीचा आहे. दुखणे नेमके कोणते हे ओळखण्यात गफलत झाली की औषधही भलतेच दिले जाते, आणि सध्या अनेक रुग्णालयांत तेच चालू आहे, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेण्यासारखा आहे.

कळते पण वळत नाही, अशी माणसाच्या स्वभावाबद्दलची आपली जुनी तक्रार आहे. येथे मामला वेगळा आहे. योग्य काय ते कळलेले असते, मन तसे वागायला वळलेलेही असते. फक्त हात बांधलेले असतात आणि त्याच बांधलेल्या हातांनी नको ते करावे लागते.

एका रात्रीची ड्यूटी

अतिदक्षता विभागात रात्रीचे दोन वाजले आहेत, असे समजा. ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ तीन आठवड्यांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. मूत्रपिंडे थांबली आहेत, रक्तदाब औषधांच्या जोरावर टिकवून धरला आहे, आणि यातून ते उठणार नाहीत हे त्यांच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. श्वासाच्या नळीत कफ साचला की तो यंत्राने ओढून काढावा लागतो; त्याला सक्शन म्हणतात. नर्स बारीक कॅथेटर आत सरकवते, तशी गृहस्थांची छाती उसळते, चेहरा लालबुंद होतो, डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळत कानापर्यंत जाते, आणि नळी उपसली जाऊ नये म्हणून मऊ पट्ट्यांनी बांधलेल्या हातांची बोटे चादर मुठीत धरतात. सगळे मिळून दहा-पंधरा सेकंद. नर्स हळू आवाजात “झालं, झालं” म्हणते, त्यांचे डोळे पुसते आणि तक्त्यावर वेळ लिहिते. काही वेळाने पुन्हा हेच.

हेच गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी याच विभागात होते. त्या वेळी नळी निघाल्यावर त्यांनी याच नर्सला सांगितले होते, “पुन्हा ती नळी नको.” ते वाक्य केस पेपरवर कोणी नोंदवले नाही. आता मुलगा लांबून आला आहे आणि ‘काहीही बाकी ठेवू नका’ असे त्याचे म्हणणे आहे. मोठे डॉक्टर त्याच्याशी स्पष्ट बोलणे उद्यावर ढकलत आहेत, कारण मागे एकदा असे बोलल्यावर तक्रार झाली होती. निर्णय घेण्याचा अधिकार नर्सला नाही. निर्णय अमलात आणणारे हात मात्र तिचेच आहेत.

या गोष्टीत खलनायक कोणीच नाही. मुलगा प्रेमापोटी बोलतो आहे, डॉक्टर माणूसच आहेत, आणि नर्सने सक्शनही नियमाप्रमाणे, काळजीपूर्वक केले आहे. तरीही पहाटे घरी जाताना तिला वाटते, की आज आपण एका माणसाला बरे करण्याच्या नावाखाली छळले. या वाटण्याला नैतिक घुसमट, म्हणजेच ‘मॉरल डिस्ट्रेस’, म्हणायचे.

शब्द कुठून आला

अँड्र्यू जेमटन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये परिचारिकांच्या व्यवसायातील नीतिप्रश्नांवर पुस्तक लिहिले, त्यात ही संज्ञा प्रथम मांडली गेली. परिचारिकांना शिकवत असताना त्यांच्या लक्षात आले, की वर्गात चर्चेला घेतले जाणारे पेच आणि वॉर्डातल्या कहाण्या यांचा मेळ बसत नाही. त्यांनी तीन अवस्था वेगळ्या केल्या. प्रश्न नेमका काय आहे हेच न उमगणे ही झाली अनिश्चितता. दोन तत्त्वे एकमेकांच्या आड येतात आणि एक पाळले तर दुसरे मोडते, हा झाला पेच. तिसऱ्या अवस्थेत मात्र शंका नसते आणि पेचही नसतो. काय करायला हवे ते स्वच्छ दिसत असते, पण संस्थेचे नियम, वरिष्ठांचा हुकूम, माणसांची किंवा साधनांची कमतरता यांमुळे ते करणे जवळपास अशक्य होते.

सुरुवातीला ही संज्ञा परिचारिकांपुरती होती. पुढे डॉक्टर, औषधनिर्माते, श्वसनोपचार तंत्रज्ञ, रुग्णालयातले समाजसेवा कर्मचारी या सगळ्यांच्या बाबतीत ती वापरली जाऊ लागली. अतिदक्षता विभागातल्या मरणासन्न रुग्णांच्या सेवेविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात परिचारिकांची घुसमट डॉक्टरांपेक्षा जास्त आढळली. यात आश्चर्य नाही. डॉक्टर राउंडला येतो आणि जातो, तर परिचारिका त्या पलंगापाशी आठ-बारा तास उभी असते. डॉक्टरचा भार वेगळ्या जातीचा असतो : खालच्या माणसाला हुकमाचे ओझे, वरच्याला सहीचे.

मग हा कामाचा ताणच नव्हे का?

एक साधे उदाहरण घेऊ. बसचा एक चालक दिवसाला चौदा तास गाडी चालवतो. त्याची पाठ मोडते, झोप होत नाही, चिडचिड वाढते. हा ताण. दुसऱ्या चालकाला आठच तासांची पाळी आहे, पण ब्रेक नीट लागत नाहीत हे त्याला माहीत आहे. त्याने सांगितले, लेखी दिले, तरी ‘आजचा दिवस काढ’ असे उत्तर मिळाले. तो चाळीस प्रवासी घेऊन घाटात उतरतो. गाडी सुखरूप पोचते. संध्याकाळी अंग दुखत नाही, पण जेवणावर बसवत नाही. पहिल्याला सुट्टी दिली तर तो ताजातवाना होईल. दुसऱ्याला महिनाभर सुट्टी द्या. परत आल्यावर ब्रेक तेच असतील, तर सुट्टीचा उपयोग काय?

बर्नआउट, म्हणजे कामाने आतून विझून जाणे, ही यापुढची अवस्था. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तिचे वर्णन केले आणि क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउट हा आजार नसून कामाच्या ठिकाणच्या, न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी अवस्था आहे, असे स्पष्ट केले. घुसमट वर्षानुवर्षे चालली तर माणूस विझू शकतो, हे खरे. पण विझलेला प्रत्येक जण घुसमटीनेच विझलेला असतो असे नाही.

‘मॉरल इंज्युरी’, म्हणजे नैतिक जखम, हा शब्द युद्धभूमीवरून आला. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात तो रूढ केला. अधिकारावरच्या माणसाने, जिवावरच्या प्रसंगी, जे योग्य त्याच्याशी दगा केला म्हणजे सैनिकाला जी जखम होते, ती गोळीच्या जखमेहून वेगळी असते, असे त्यांचे निरीक्षण होते. २०१८ मध्ये वेंडी डीन आणि सायमन टॅलबट या दोन अमेरिकी डॉक्टरांनी, डॉक्टरांचे जे होते आहे त्याला बर्नआउट म्हणू नका, ती नैतिक जखम आहे, असे ठणकावून लिहिले. बर्नआउट म्हटले की दोष विझणाऱ्या दिव्यात शोधला जातो. जखम म्हटली की कोणी केली हा प्रश्न येतो. शब्दाची निवड इतकी महत्त्वाची ठरते.

पूर ओसरतो, गाळ राहतो

प्रसंग टळून गेला की घुसमट संपायला हवी, असे कोणालाही वाटेल. ते गृहस्थ चार दिवसांनी वारले, पलंग रिकामा झाला, नवा रुग्ण आला. मग जुने का खुपावे?

नदीला पूर येतो तेव्हा पाण्याबरोबर गाळ येतो. पूर ओसरल्यावर पाणी आपल्या पातळीवर जाते, पण गाळ पात्रात बसतो आणि पात्र तेवढे उथळ होते. पुढच्या वर्षी तेवढाच पाऊस पडला तरी पाणी काठावर लवकर चढते. एलिझाबेथ एपस्टीन आणि अ‍ॅन हॅमरिक या दोन अभ्यासक परिचारिकांनी २००९ मध्ये घुसमटीचे चित्र याच तऱ्हेने मांडले. प्रत्येक प्रसंगानंतर मनाच्या तळाशी काही शिल्लक राहते, पुढचा प्रसंग त्या शिल्लकीवर चढतो, आणि एखाद्या दिवशी अगदी किरकोळ गोष्टीने माणूस फुटतो. पाहणाऱ्याला वाटते, एवढ्याशा कारणावरून ही नर्स ओरडली कशी? कारण एवढेसे होते, पात्र मात्र भरत आले होते.

हा गाळ मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. २०१९ मध्ये एपस्टीन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनपट्टीत २७ प्रसंग दिलेले आहेत. त्यातला प्रत्येक प्रसंग किती वेळा घडतो याला ० ते ४ आणि घडल्यावर किती त्रास होतो याला ० ते ४ असे गुण द्यायचे, आणि दोन्हींचा गुणाकार करून बेरीज करायची. जास्तीत जास्त गुण ४३२. गुणाकाराची युक्ती मार्मिक आहे. फार त्रासदायक पण कधीच न घडणारा प्रसंग आणि रोज घडणारा पण न खुपणारा प्रसंग, दोन्हींची किंमत शून्य येते. या घुसमटीमुळे नोकरी सोडण्याचा विचार केला का, असेही त्यात विचारलेले आहे.

गाळ साचलेली माणसे तीन वाटांनी जातात असे दिसते. काही नोकरी सोडतात. काही राहतात, पण त्या पलंगाकडे शक्य तितके कमी फिरकतात, डोळ्याला डोळा न देता काम उरकतात. काही जणांचे खुपणेच थांबते. संस्थेच्या दृष्टीने हा तिसरा कर्मचारी सगळ्यात सोयीचा असतो, कारण तो तक्रार करत नाही. रुग्णाच्या दृष्टीने मात्र या तिघांत त्याचीच धास्ती जास्त वाटावी.

‘नर्सचेच बरोबर कशावरून?’

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. ज्याला घुसमट होते त्याचा निवाडा बरोबरच असतो, असे मुळीच नाही. आपल्या उदाहरणातल्या नर्सला गृहस्थांचे जुने वाक्य आठवते. पण माणसाचे मत बदलते, आणि नंतर त्यांनी मुलाला काही वेगळे सांगितले असण्याचीही शक्यता आहे. मुलाच्या मनात काय चालले आहे, डॉक्टरांनी कोणत्या तपासणीची वाट पाहायची ठरवली आहे, हे तिला कदाचित माहीत नसेल. शिवाय मरणाच्या दारातून परत आलेले रुग्णही असतात, आणि कधी काळी याच नर्सने एखाद्याबद्दल आशा सोडल्यावर तो चालत घरी गेलेला असतो.

जेमटन यांच्या व्याख्येतली ही उणीव पुढच्या अभ्यासकांनीही दाखवली : खात्री असेल तरच घुसमट मानायची, तर खात्री नसतानाही जो जीव कासावीस होतो त्याला काय म्हणायचे? आता बरेच जण व्याख्या सैल धरतात. माझ्या मते या वादातून व्यवहारापुरता अर्थ असा निघतो, की घुसमट हा निकाल नसून फिर्याद आहे. फिर्याद खोटी निघू शकते, गैरसमजातून झालेली असू शकते; पण ती ऐकून घेण्याची जागाच नसेल तर खरी कोणती आणि खोटी कोणती हे कधीच ठरणार नाही. नर्सने ते वाक्य सांगितले असते, मुलाने आपले सांगितले असते, डॉक्टरांनी उरलेली शक्यता सांगितली असती, तर कदाचित तिचेच मत बदलले असते. घुसमटीचा मोठा भाग चुकीच्या निर्णयातून येत नाही. निर्णय कसा झाला हे न कळण्यातून आणि आपल्याला कोणी विचारले नाही यातून येतो.

दुसरा एक आक्षेप असा, की मनाविरुद्ध काम कोणत्या धंद्यात करावे लागत नाही? करावे लागते, आणि बसचालकाचे उदाहरण त्यासाठीच घेतले. रुग्णसेवेत दोन गोष्टी अधिक असतात. जो माणूस सोसतो तो समोर, हाताच्या अंतरावर असतो. आणि ‘हे माझे काम नाही’ म्हणून निघून गेले तर त्या घटकेला त्याला सांभाळणारे दुसरे कोणी नसते. विरोध म्हणून पलंग सोडणे हीसुद्धा आणखी एक चूकच वाटते.

साथीने काय उघडे केले

साथीच्या काळात नवे दुखणे जन्मले नाही, जुने उघड्यावर आले. नातेवाइकांना आत सोडू नये हा नियम संसर्ग रोखण्यासाठी आवश्यक होता. पण त्यामुळे जगभरच्या विभागांत एकच दृश्य दिसले : पिशवीत गुंडाळलेला फोन मरणाऱ्याच्या कानाशी धरून उभी असलेली नर्स, आणि स्पीकरवरून येणारा रडण्याचा आवाज. तिने नियम पाळला, निरोपही पोचवला. तरीही त्या जागी मुलीने असायला हवे होते, आपण नव्हे, हे तिच्या मनातून जात नाही.

व्हेंटिलेटर कमी पडतील तेव्हा कोणाला द्यायचे, हा प्रश्न त्याहून भयंकर होता. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञ व अतिदक्षतातज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी शिफारशी जाहीर केल्या, तेव्हा त्यांवर टीकेची झोड उठली. त्या शिफारशींचा एक उद्देश मात्र फारसा कोणी वाचला नाही : पलंगापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरवरची जबाबदारी काही अंशी उतरवणे. त्याच महिन्यात अमेरिकी वैद्यकतज्ज्ञांनीही सुचवले, की असा निवाडा उपचार करणाऱ्या डॉक्टरने करू नये, वेगळ्या समितीने करावा. ज्याने रात्रभर रुग्णाचा हात धरला त्यानेच सकाळी त्याचे यंत्र काढायचे ठरवावे, ही अपेक्षा माणसाकडून करू नये, एवढे तरी तेव्हा मान्य झाले.

तग धरणे म्हणजे काय

आता ‘रेझिलियन्स’कडे वळू. कोशात त्याला लवचिकता म्हणतात. मला तो प्रतिशब्द येथे धोक्याचा वाटतो, कारण ‘लवचिक राहा’ याचा वॉर्डातला अर्थ ‘वाकत राहा’ असा होतो. तग हा शब्द अधिक जवळचा आहे. नैतिक तग म्हणजे अडचणीच्या प्रसंगातून जातानाही आपली सचोटी टिकवून धरण्याची, आणि ती हलली तर पुन्हा जागेवर आणण्याची ताकद. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या सिंडा हिल्टन रश्टन यांनी ही कल्पना विशेष पुढे आणली.

हा तग काही प्रमाणात शिकता येतो. मनात नुसते ‘कसेतरी होते’ यापेक्षा ‘या रुग्णाची इच्छा विचारली गेली नाही, हे मला खुपते’ असे नेमके वाक्य तयार करणे. या प्रसंगात आपल्या हातात काय होते आणि काय नव्हते हे वेगळे करणे. वरिष्ठाशी आवाज न चढवता आणि न दबता बोलणे. ज्याच्याजवळ मन मोकळे करता येईल असा एक तरी सहकारी असणे. ही कौशल्येच आहेत, आणि ज्यांच्याकडे ती असतात ते टिकतात. निर्णय बदलता येत नसला तरी सक्शनच्या आधी वेदनाशामक मिळवून देता येते, आणि ते गृहस्थ ऐकत असतील असे धरून त्यांच्याशी बोलता येते. या छोट्या गोष्टींनी आपण पूर्ण हरलो नाही ही भावना जिवंत राहते.

पण धातूशास्त्रातली एक गोष्ट येथे आठवते. लोखंडाच्या पट्टीला तिच्या मर्यादेपलीकडे वाकवले की ती पूर्ववत होत नाही, हे सर्वांना माहीत असते. मर्यादेच्या आतलाच भार हजारो वेळा पडत राहिला तर तीच पट्टी एक दिवस अचानक तुटते, हे कमी लोकांना माहीत असते. तेव्हा चांगला अभियंता पट्टीला दोष देत नाही, भार मोजतो. कर्मचाऱ्यांसाठी ध्यानाचे वर्ग आणि मनःशांतीचे अ‍ॅप आणून, त्याच महिन्यात रात्रपाळीची एक जागा कमी करणारे व्यवस्थापन नेमके उलटे करत असते. ध्यान वाईट नाही. ज्याला रुचते त्याने जरूर करावे. पण ब्रेक दुरुस्त न करता चालकाला प्राणायाम शिकवला, तर अधिक शांत मनाने तो त्याच घाटात उतरेल, इतकेच.

संस्थेला काय करता येते

पहिली गोष्ट, फिर्याद ऐकणारी जागा. काही रुग्णालयांत नीतिविषयक सल्ला देणारी समिती असते, पण तिला बोलावण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांनाच असेल, किंवा बोलावले म्हणून परिचारिकेकडे नंतर वाकड्या नजरेने पाहिले जात असेल, तर ती कागदावरच राहते. व्हर्जिनिया विद्यापीठात केवळ कर्मचाऱ्यांच्या नैतिक घुसमटीसाठी सल्लासेवा सुरू झाली. तेथे बोलावणे कोणाकडूनही येऊ शकते आणि शोध व्यक्तीच्या मनाइतकाच कारणांचाही घेतला जातो : माणसे कमी आहेत का, दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत का, कुटुंबाला वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळे सांगतात का.

दुसरी गोष्ट, एकत्र बसणे. बॉस्टनमधले केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. आजारपणात सेवा करणाऱ्यांच्या माणुसकीने आपल्याला किती आधार दिला, हे त्यांनी लिहून ठेवले होते. त्यांच्या नावाच्या केंद्राने सुरू केलेल्या बैठकांत डॉक्टरांपासून सफाई कर्मचाऱ्यांपर्यंत सगळे एका खोलीत बसतात आणि एखाद्या रुग्णाविषयी आपल्याला काय वाटले ते बोलतात. निदान चुकले का, औषध बरोबर होते का, ही चर्चा तेथे करायची नसते. अशा बैठकीने कर्मचारी वाढत नाहीत की व्हेंटिलेटर येत नाही, पण ‘हे फक्त मलाच होते’ हा समज पहिल्याच बैठकीत गळून पडतो, आणि मोठे डॉक्टरही रात्री जागे असतात हे ज्युनिअरला कळते.

तिसरी गोष्ट खर्चाची आहे, आणि म्हणून तिच्याबद्दल कमी बोलले जाते : पुरेशी माणसे. एका नर्सकडे झेपतील त्याहून जास्त रुग्ण असतील तर कोणाची हाक आधी ऐकायची आणि कोणाला ओल्या चादरीवर ठेवायचे, हे तिला दर तासाला ठरवावे लागते. हा निर्णय घेताना ती कोणत्याही नीतिसमितीला विचारत नाही. तेवढा वेळच नसतो. अतिदक्षता विभागातले मोठे पेच परिषदांमध्ये गाजतात, पण सामान्य वॉर्डातला गाळ या ओल्या चादरींचाच जास्त असतो, असे मला वाटते.

आजाऱ्याच्या माणसांनी काय करावे

घुसमटीच्या कारणांत ‘फायदा नसलेले उपचार चालू ठेवावे लागणे’ हे कारण अनेक देशांतल्या पाहण्यांत वरच्या क्रमांकावर येते, आणि त्या कारणाचे एक टोक आपल्या हातात असते. ‘जे काय करायचे ते सगळे करा’ हे वाक्य घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सहज निघते. ऐकणारा डॉक्टर मात्र ते आदेश म्हणून लिहून घेतो, कारण त्याला तसेच घ्यावे लागते. सगळे म्हणजे नेमके काय, याची यादी कोणी वाचून दाखवत नाही : छाती दाबताना मोडू शकणाऱ्या बरगड्या, बांधलेले हात, दर काही तासांनी तीच नळी.

आजारी माणूस शुद्धीवर असताना, शक्यतो रुग्णालयात दाखल होण्याच्याही आधी, त्याला काय हवे आणि काय नको हे विचारून ठेवता येते, आणि ते केस पेपरवर लिहून घ्या असा आग्रह धरता येतो. ती वेळ निघून गेली असेल, तर डॉक्टरांना ‘अजून काय करता येईल’ याबरोबरच ‘आता याने त्यांना बरे वाटेल की त्रास होईल’ असेही विचारता येते. आणि पलंगापाशी असलेल्या नर्सला विचारता येते, की रात्र कशी गेली. तिच्याकडे सांगण्यासारखे बरेच असते. तिला ते विचारले जात नाही, आणि आपणहून सांगण्याची तिला मुभा नसते.